ओकन्याची आंघोळ

२ मार्च

पाइप शेजारच्या चान्नीच्या घरामागे आला! काल शाळेच्या कोपऱ्यापाशी होता, आज तिच्या न्हाणीमागे. सकाळपासून भसाभसा वाळू ओकतोय. नदीच्या पोटातली वाळू आमच्या तळ्याच्या पोटात, तळं बुजवून जागा करायची म्हणे. नाळीच्या भाजीचे तिचे तरंगते वाफे गेले, दोरीसकट गेले. चान्नी काठावर उभी राहून नुसती बघत होती. मी म्हटलं, "अगं, रड तरी!" तर म्हणते, "नको बाई. रडले तर पाणी वाढेल, मग ते आणखी वाळू टाकतील." हसलो दोघी. मग ती रडलीच.

पाइपावर कंपनीचं नाव नाही, नुसते दोन निळे हत्ती रंगवलेत. ते हत्ती कुणाचे हे अख्ख्या नॉम पेनला ठाऊक आहे.

माझ्या भावाचे.

५ मार्च

टीव्हीवर बोरिथ. कुठल्याशा गावात शाळेचं उद्घाटन. पांढरा रेशमी सदरा, हात जोडलेले, मान इतकी झुकलेली की परक्याला वाटावं हा देवळातून थेट इथेच आला. निवेदिका दर वाक्यात म्हणते, "आदरणीय ओकन्या केव बोरिथ". ओकन्या! एके काळी राजाच्या दरबारातल्या मानकऱ्याला म्हणायचे. आता सरकारला रस्ता बांधून द्या, की झालात ओकन्या. बोरिथने दिला ना रस्ता. तो त्याच्याच उसाच्या मळ्यापर्यंत जातो आणि तिथेच संपतो. मळ्याच्या जागी आधी गावं होती.

आणि शाळा कोण बांधतोय? ज्याने तिसरीत शाळा सोडली तो! पोल पोटचा काळ संपला तेव्हा आमच्या घरातली आम्ही दोघंच उरलो होतो. मी एकोणीस वर्षांची, तो आठचा. लिहिता-वाचता येत होतं म्हणून मला मास्तरीण केलं, पगार तांदळात. त्यातला मोठा वाटा याच्या पोटात. फळ्यापुढे बसवला तर खिडकीतून पळायचा आणि सायकलवर बर्फ विकायचा. मग सरहद्दीवरून सिगारेटी. मग लाकूड, एका जनरलच्या ट्रकांतून. "जंगल सरकारचं असेल ताई, ट्रक जनरलचा आहे," म्हणायचा. मग नदीतली वाळू, जहाजं भरभरून परदेशी. मग जुगारघर. मग समुद्रकाठच्या त्या उंच इमारती, खिडक्यांना गज लावलेल्या. आत परदेशातून आणलेली पोरं डांबलीत, दिवसभर फोनवरून लोकांना गंडा घालायला लावतात. विचारलं होतं मी त्याला. म्हणाला, "मी जागा भाड्याने दिलीय. भाडेकरू आत काय शिजवतो ते मालक बघत नाही."

दर वेळी मला वाटायचं, आता याच्या हातात बेड्या पडतील. दर वेळी गळ्यात हार!

चप्पल फेकून मारणार होते. टीव्ही माझा आहे म्हणून वाचला.

९ मार्च

चान्नीबरोबर तुरुंगात जाऊन आले. लिदाला भेटायला. लिदा चान्नीची मुलगी, माझ्या हाताखाली शिकलेली. वर्गात सगळ्यात जास्त प्रश्न विचारायची, आणि प्रश्न विचारायची तिची खोड मीच वाढवली. जानेवारीत पाइपासमोर उभी राहिली, फोनवर स्वतःचं चित्रण केलं आणि म्हणाली, "हे बघा, आमचं तळं बुजवताहेत. आम्ही साठ घरं जायचं कुठे?" एवढंच. गुन्हा काय, तर चिथावणी! चिथावलं कुणाला? बदकांना?

भात, तळलेला मासा आणि प्रहोकची चटणी नेली होती. पहारेकऱ्याने आंबवलेल्या माशाचा तो वास नाकभर घेतला आणि चटणीचा डबा बाजूला ठेवला. "ही तपासावी लागेल." तपासेल मेला, दुपारच्या भाताबरोबर!

जाळीपलीकडे लिदा. गालांची हाडं दिसायला लागलीत. पहिला प्रश्न — "पाइप कुठवर आला?"

"लांब आहे गं अजून," चान्नी म्हणाली.

लिदाने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "तुमच्या न्हाणीमागे."

मान हलवली फक्त. निघताना म्हणाली, "बाई, माझ्यासाठी त्याच्या दारात जाऊ नका. मला नाही चालणार." बावीस वर्षांची पोर, मला बजावते. परत येताना चान्नी बसमध्ये रिकामे डबे मांडीवर धरून बसली. तिला काय हवंय ते तिने मागितलं नाही, आणि न मागणंच जास्त लागतं.

१४ मार्च

बोरिथची सेक्रेटरी आली होती. रोथाना नाव. उंच टाचा, आमच्या फळकुटांच्या पुलावरून जीव मुठीत धरून आली. बरोबर फळांची टोपली. एवढी मोठी की दारातून आत येईना.

"मोठ्या ताई, यंदा नववर्षाला ओकन्यांची फार इच्छा आहे, आपल्याला स्नान घालण्याची."

मला आधी कळेचना. मग कळलं आणि मस्तकात गेलं! नववर्षाच्या तिसऱ्या दिवशी मुलं आईबापांना, वडीलधाऱ्यांना सुगंधी पाण्याने न्हाऊ घालतात, वर्षभराच्या चुकांची माफी मागतात. वडीलधारे डोक्यावर हात ठेवतात. हात ठेवला की संपलं — मागचं उकरायचं नाही, मनात धरायचं नाही. आमच्या घरांच्या रांगेतली पोरं दर वर्षी मला असं न्हाऊ घालतात. वर्षभर गृहपाठ न केल्याची माफी मागतात हरामखोर, आणि जाताना बादली माझ्याच अंगावर पालथी करून पळतात.

आणि बोरिथ? एवढ्या वर्षांत एकदा वाटीभर पाणी घेऊन आला नाही. आता कॅमेरे लावून, शाळेच्या पटांगणात, सगळ्या देशासमोर!

मी रोथानाला म्हटलं, "आत्ताच का?" ती पायाकडे बघायला लागली. मग कळलं ते असं. परदेशी पेपरात त्या गजांच्या खिडक्यांचा फोटो आला, खाली याचं नाव. परदेशातल्या बँकेने याची तिजोरी बंद केली. हा धावला ज्योतिषाकडे. ज्योतिषी म्हणाला, ज्या हाताने तुला भरवलं त्या हाताची माफी नाही, म्हणून दैव फिरलंय. करून करून भागला अन् देवपूजेला लागला!

"सांग तुझ्या ओकन्याला," मी म्हटलं, "मी रोज आंघोळ करते. माझी मी."

फळं परत पाठवली. एक आंबा चान्नीने आधीच काढून घेतला होता.

२१ मार्च

स्वतः आला. गाड्या गल्लीत शिरेनात म्हणून चालत यावं लागलं. चिखलाने बूट भरले. मला बरं वाटलं.

"ताई, जेवलीस?"

"जेवले."

"काय जेवलीस?"

"तुझी वाळू."

हसला. हसला की अजून आठ वर्षांचा दिसतो, तिथेच तर घात होतो. चटईवर बसला, आढ्याकडे बघितलं. "हे खोपट सोड. नदीकाठी घर घेऊन ठेवलंय तुला. लिफ्ट आहे."

"मला जिना चढता येतो."

"तुझ्या त्या चान्नीलाही आण पाहिजे तर."

"साठ घरं आणते. मावतील लिफ्टमध्ये?"

मग हळू आवाजात म्हणाला, "आई स्वप्नात येते ताई. बोलत नाही. पाठ करून बसते नुसती." नाटक नव्हतं ते. नाटक कधी करतो आणि कधी नाही, हे मला त्याच्या नाकपुड्यांवरून कळतं. जनरलला, मंत्र्याला न भिणारा माणूस मेलेल्या आईला भितो. मला दया आली. दया आली म्हणून स्वतःचाच एवढा राग आला की उठून विनाकारण भांडी घासायला बसले.

पाठमोरीच म्हटलं, "लिदाला सोड."

"ते कोर्टाचं काम—"

"बोरिथ!"

वर्गातला आवाज निघाला माझा. मंत्रिमंडळाला जेवायला घालणारा माणूस मांडी घालून नीट बसला! मग म्हणाला, "तू बस खुर्चीत. स्नान झालं की आठवड्यात बाहेर काढतो तिला. आईची शपथ."

"आणि तळं?"

"तळं मागू नकोस. त्यात मी एकटा नाही. वरच्यांची भागी आहे. मला पाइप थांबवायचा म्हटलं तरी निमित्त लागतं, ताई, वरच्यांना तोंड दाखवायला." उठला, बूट हातात घेतले. "पावसाच्या आधी तुझ्या घरापर्यंत येईल वाळू. चिडून काय होणार?"

चिडून काय होणार म्हणे!

२७ मार्च

हो म्हटलंय.

२८ मार्च

बातमी फुटलीच. समोरच्या घरातला म्हातारा न्हिम मला ऐकू जाईल असं बोलला — "मास्तरीणबाई, आंघोळीला साबण भावाकडचाच का?" पोरं हसली. मीच शिकवलेली पोरं! संध्याकाळी शिकवणीला कुणी आलं नाही. चान्नी आली, भाजीची जुडी ठेवून गेली. जुडी दोन्ही हातांनी ठेवली, देवापुढे ठेवावी तशी. शिव्या परवडल्या असत्या.

४ एप्रिल

विहारातल्या आचार्यांकडे गेले. नववर्षाचे विधी तेच सांगतात. नव्वदीला आलेत, कानाने कमी, जिभेने नाही.

विचारलं, "वडीलधाऱ्यांच्या स्नानाला पाणी कुठलं घ्यायचं?"

"ज्याचं स्नान त्याच्या घरचं. ते सगळ्यात उत्तम. हल्ली पोरं बाटलीबंद आणतात, निर्लज्ज."

"ते पाणी स्वच्छच हवं असं आहे कुठे?"

मग दात नसलेलं हसले. "असं कुणाला सांगायची वेळच आली नाही बाई, आजवर."

झालं तर. बसते मी खुर्चीत. पाणी माझ्या घरचं — म्हणजे तळ्याचं! आधी शहराची सगळी गटारं यात यायची तरी नाळीची भाजी, कमळाची मुळं सगळं गाळून घ्यायची. आता भाजी वाळूखाली, आणि उरलंय ते नुसतं गटार. काळं, फेसाचं, वासाने नाक धरावं लागेल असं. ते पाणी त्याने आपल्या हाताने, पांढऱ्या सदऱ्यात, सख्ख्या बहिणीच्या डोक्यावर ओतायचं. सगळ्या देशाने बघायचं, बोरिथ आपल्या माणसांना कसल्या पाण्यात बुडवतो ते! मी शब्द मोडत नाही. हात ठेवीन डोक्यावर. ओतायचं मात्र त्याने.

आणि नाही ओतलं तर? तर लिदा आत राहील. याची भीती वाटते. लिहून ठेवते, वाटते.

रोथानाला फोन केला — "पाणी माझ्या घरून आणीन. तेवढंच माझं मागणं." ती म्हणाली, "अय्या, किती छान! कॅमेऱ्याला फार सुंदर दिसेल."

१५ एप्रिल

मडकं भरलं. वर चमेलीची फुलं टाकली, केळीचं पान बांधलं. हात तीनदा धुतले तरी वास जाईना.

१६ एप्रिल

आजच लिहिणार.

पटांगणात मांडव. मंत्री, मंत्र्यांच्या बायका, भिक्खू, शाळेची पोरं झेंडे घेऊन. मला लाकडी खुर्चीत बसवलं, खांद्यावर पांढरी ओढणी. मडकं माझ्या पायाशी. बोरिथ आला, गुडघे टेकले, नमस्कार केला. आचार्य मंत्र म्हणायला लागले. रोथानाने केळीचं पान सोडलं.

वास आला. पहिल्या रांगेतल्या बायकांनी रुमाल काढले. कॅमेरावाला एक पाऊल मागे गेला. बोरिथने चांदीच्या वाटीने पाणी उचललं, फुलांच्या खाली काळं पाणी. त्याने माझ्याकडे बघितलं आणि क्षणात सगळं समजला. सायकलवरचा बर्फ वितळताना जसा बघायचा ना, हिशेब करत, तसंच बघितलं. ओत आता! ओत की!

तो वाकला आणि माझ्या कानाशी म्हणाला, "शाब्बास ताई."

मग लोकांकडे वळला. डोळ्यांत पाणी — नाकपुड्या बघितल्या मी, शंभर टक्के नाटक! म्हणाला, "हे माझ्या बहिणीच्या तळ्याचं पाणी. ती या पाण्यावर जगते आणि मी बाटलीतलं पितो. हे तिच्या डोक्यावर ओतायची माझी लायकी नाही. हे माझ्या डोक्यावर पाहिजे!"

वाटी टाकली. मडकं उचललं दोन्ही हातांनी. आणि पालथं केलं स्वतःच्या डोक्यावर!

काळे ओघळ रेशमावरून खाली. केसांत चमेली, गालावर गाळ. मग मांडवभर "साधू! साधू!" आचार्यसुद्धा! मंत्र्याची बायको हुंदके देत होती. झेंडेवाली पोरं रडत होती. हा ओलाचिंब, घाण, माझ्या पावलांवर डोकं ठेवून पडलेला. सगळे माझ्याकडे बघताहेत.

माझा हात त्याच्या डोक्यावर गेला. मी नेला नाही. गेला.

१७ एप्रिल

सगळ्यांच्या फोनवर तेच. बसमध्ये, बाजारात, दवाखान्यात. कोळंबी विकणारी म्हणाली, "असा भाऊ मिळायला पुण्य लागतं हो!" मी कोळंबी न घेताच आले. नदीची वाळू विकली, जंगल विकलं, माणसं विकली, आणि आता माझा राग पण विकला! भांडवल माझं, नफा त्याचा.

२३ एप्रिल

लिदा सुटली. शब्द पाळला त्याने, तोही कॅमेरे बोलावून. तुरुंगाच्या दारात रोथाना फुलं घेऊन उभी. लिदाने फुलं घेतली नाहीत. अंगभर खरूज, पाय सुजलेले. रांगेतल्या पोरांनी ढोल वाजवला. न्हिम म्हाताऱ्याने मला तांदळाची दारू पाजली आणि माझ्याच पायावर पडून रडला, चढली होती त्याला.

रात्रीच्या जेवणाला चान्नीकडे. लिदा भात चिवडत होती. "बसलातच तुम्ही त्या खुर्चीत," म्हणाली.

"बसले."

"मी नको म्हटलं होतं."

"तू नको म्हटलंस म्हणून मी तुला आत कुजू द्यायचं? तू शिकवणार मला?"

चान्नीने मध्ये माशाचं ताट सरकवलं. पाइप चालूच आहे. आता माझ्या परसात दिसतो.

३० एप्रिल

नवं बंदर बांधायचं कंत्राट बोरिथला. परदेशी बँकेनेही तिजोरी उघडली म्हणे. आंघोळीला पंधरा दिवस झाले नाहीत तोवर!

सकाळी एक टुकटुकवाला काठावर वाकून बाटली भरत होता. म्हटलं, "काय रे, गाडी धुवायला?" म्हणाला, "नाही मावशी, लॉटरीला. ओकन्यांनी हे डोक्यावर घेतलं आणि बघा कसं दैव फिरलं!"

हसता हसता माझ्या पोटात दुखलं.

६ मे

हसायला नको होतं. टुकटुकवाल्याला लॉटरी लागली! काल दहा जण होते, आज मोजता येईनात. बाटल्या, डबे, कॅन. उदबत्त्या, केळी, उकडलेली डुकराची मुंडकी. कुणाचा गुडघा बरा झाला, कुणाचा नवरा परत आला. तळ्याचा राखणदेव जागा झाला म्हणतात. आमच्या रांगेतल्या बायकांनी उसाच्या रसाच्या गाड्या लावल्या. न्हिम म्हातारा बाटल्यांची झाकणं विकतो आणि राखणदेव आपल्या स्वप्नात येतो म्हणून सांगतो.

आणि पाइप बंद! गर्दी त्याच्या तोंडाशीच उभी, वाळू सोडायची कशी? वरून हुकूम आला, माणसं हटवा म्हणून. पाइपावरचे कामगार म्हणाले, आम्ही नाही देवाच्या पाण्यावर वाळू टाकणार. शिपायांच्या बायकाही रांगेत उभ्या.

सभा घेतल्या, अर्ज दिले, लिदा तुरुंगात गेली, तेव्हा थांबला नाही तो पाइप. आणि आता थांबला, तो कशाने! संतापावं की नाचावं? चान्नी नाचली.

११ मे

बोरिथचा फोन. आधी नुसता हसत होता. "ताई, असा धंदा मला जन्मात सुचला नसता!"

"पाइप परत सुरू करणार?"

"वेडी का तू? लोक मला फाडून खातील. वरच्यांना सांगितलं, आता तीर्थ आहे ते, हात लावू नका. त्यांच्या बायका पण पाणी मागवतात." मग आवाज खाली आणला. "पण नीट ऐक. लोकांची श्रद्धा आहे तोवरच हं. ती उठली, की दुसऱ्या दिवशी वाळू. मग माझ्या हातात नाही."

मी फोन आपटला. नंतर बघते तर स्क्रीनला तडा गेलेला. त्याचंही नुकसान माझंच!

१९ मे

लोक पाणी पितात आता. नुसतं शिंपडत नाहीत, पितात! पलीकडच्या गल्लीतली म्हातारी जुलाबाने दवाखान्यात. परगावच्या एका बाळाच्या अंगावर फोड. मी काठावर दोघातिघांना हळूच म्हटलं, पिऊ नका, नुसतं लावा. ते माझ्या पाया पडले आणि प्यायले.

दुपारी लिदा आली. हातात फोन. बसली नाही.

"बाई, उद्या सकाळी मी चित्रण करणार. तुम्ही मध्ये उभ्या राहा आणि एवढंच म्हणा, हे गटाराचं पाणी आहे, पिऊ नका. माझं कुणी ऐकणार नाही. तुमचं ऐकतील, तुमच्या पायाशीच तो पडला होता."

"मग?"

"मग काय?"

"मग पाइप, लिदा! लोक गेले की वाळू. तुझं घर, माझं घर, न्हिमचं, सगळं!"

"मग परत भांडू."

"परत आत टाकतील तुला."

"जाईन."

"जाशील! आणि चान्नी? ती परत डबे घेऊन जाळीपुढे? काय मिळवलंस गं भांडून? सांग ना! एक इंच तळं वाचवलंस?"

फार ओरडले. शेजारच्या गाडीवरचं ऊस पिळायचं थांबलं. लिदा रडली नाही, रागावली नाही. म्हणाली, "म्हातारी मरेल बाई. मग कुणाला विचारायचं काय मिळवलं ते?"

मी म्हटलं, येईन.

२० मे

काठावर माणूसच माणूस. लिदाने फोन धरला. सगळे माझ्याकडे वळले.

अगदी पुढे एक बाई, कुठल्यातरी लांबच्या गावची, कडेवर तापाने मलूल पोर. मी तोंड उघडायच्या आत तिनेच विचारलं, "तुम्ही त्यांच्या सख्ख्या बहीण ना? मास्तरीण ना? तुम्हीच खरं सांगा. गुण येतो का हो या पाण्याने?"

तिच्या मागे पाइपाचं तोंड दिसत होतं. कुणीतरी त्याला चमेलीचा हार घातलाय.

मी म्हटलं, "येतो."

साधू! साधू! बाईने तिथेच झाकण काढलं आणि पोराच्या तोंडाला बाटली लावली. 'उकळून द्या' एवढं तरी म्हणायचं होतं. पण देवाचं पाणी कुणी उकळतं का?

लिदाने फोन खाली केला आणि माझ्याकडे न बघता गेली.

पाइप बंद आहे.